शेरा

नासर्डीच्या पलीकडे, आता टायरची दुकानं आहेत तिथे,
आधी गवताच्या झोपड्या होत्या म्हणतात.
गाठीचा ताप आला की माणूस तिकडे.
माणूस परतला किंवा नाही परतला,
झोपडी जाळायची.
म्हणून पहिल्या वर्षांचं दप्तर नाही.
राखेला जावक क्रमांक नसतो.

मग पत्रे आले. मग काळ्या दगडाच्या भिंती,
इतक्या जाड, की खिडकीत माणूस मांडी घालून बसेल.
पाटीवर 'सांसर्गिक रोग रुग्णालय'.
टांगेवाले नुसतं 'तिकडे' म्हणायचे.
तिकडे म्हटलं की भाडं दुप्पट,
आणि टांगा अलीकडच्या काठावरच थांबायचा.

सत्त्याऐंशीला मी कारकून म्हणून लागलो,
फाटकावरचे केरू पगारे तेव्हा निवृत्तीला टेकले होते.
पहिल्याच दिवशी त्यांनी एक दगड दाखवला,
फाटकाबाहेरचा, मध्ये खोलगट.
"डब्याचा," म्हणाले.
घरच्यांनी डबा ठेवायचा, दहा पावलं मागं सरायचं,
मग यांनी उचलायचा.
तांबट आळीची एक बाई तांब्याच्या डब्यात पेज आणायची.
इथं उकळून उकळून त्याची कल्हई उडाली,
तरी रोज तोच.
कोणासाठी आणायची, विचारलं,
तर केरू बराच वेळ गप्प.
"माणूस नाही आठवत. डबा आठवतो."

दुसरी गोष्ट शिकवली ती बोलण्याची.
घरातून निघताना आपण 'येतो' म्हणतो,
इथं नाही म्हणायचं.
बरा झालेला फाटकाशी आला की केरू हात आडवा धरायचे,
"जातो म्हण."
लोकांची जीभ वळायची नाही.
सिन्नरकडची एक म्हातारी अर्धा तास अडून बसली,
"जित्या तोंडानं असलं कसं बोलू रे बाबा?"
शेवटी 'जाते' म्हणाली, पदर तोंडाला लावला,
आणि मागं न बघता गेली.

परवा हुकूम आला: जुनं दप्तर रद्दीत.
पटकीच्या वहीचा मधला भाग वाळवीनं नेलाय.
सिंहस्थाचं साल. दिवसाला चार-चार पानं,
अक्षर घाईनं तिरपं तिरपं होत गेलेलं,
पुढे नावंच नाहीत,
बैरागी, बैरागी, बैरागी,
एक काशीकडचा, बैरागी.

अठ्ठावन्नच्या वहीत सिस्टर एस्तेर साळवेंचा हात.
शरणपूरच्या. मिशनच्या शाळेतलं गोल अक्षर.
नाव: देवी.
रोग: देवी.
वय सहाएक. सोबत कोणी नाही.
पोरीनं हेच नाव सांगितलं,
की अंगावर होतं तेच सिस्टरनी नाव म्हणून लिहिलं,
कोण सांगणार?
शेऱ्यात एकच शब्द: गेली.

मागच्या-पुढच्या पानांवर सिस्टर नीट लिहितात,
'बरा होऊन घरी'. 'मयत, पहाटे चार'.
इथेच नुसतं गेली.
चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.
खाडाखोड नाही. शाई कुठे अडखळलेली नाही.

कोरोनात मी नऊ नंबरच्या कॉटवर अकरा दिवस होतो.
बायको डबा त्याच दगडावर ठेवायची,
तिला कोणी सांगितलं नव्हतं.
सुटलो त्या दिवशी सवयीनं 'येतो' म्हणालो,
तर फाटकावरचा पोरगा मास्कमधून,
"साहेब, जातो म्हणा."
हे त्याला कोणी शिकवलं, विचारायचं राहून गेलं.

रद्दीवाल्याचा काटा एकशे बारा किलोवर थांबला.
अठ्ठावन्नची वही माझ्या पिशवीत आहे,
याची नोंद कुठेही नाही.
फाटकाशी आलो. दगडाच्या खळग्यात
कुत्र्यांसाठी कोणी पाणी भरून ठेवलंय.
"जाते," मी म्हणालो.
पोरानं मोबाइलमधून मान वर केली.